केर्तू मान वळवायची तेव्हा

एन्सिओ हाक्कारायनेन हॉकीचा सामना बघायला यायचा आणि सामना बघायचाच नाही. आमच्या हापासेल्काच्या बर्फाच्या हॉलमध्ये बाकांवर बसलेल्या सगळ्यांच्या माना बर्फावरच्या रबरी चकतीबरोबर इकडून तिकडे फिरत असायच्या, आणि हा एकटा कोपऱ्यात, काचेला नाक लावून, एकाच गोलकीपरकडे बघत उभा. चकती मैदानाच्या त्या टोकाला असो, शिट्टी वाजो, पोरं एकमेकांच्या अंगावर पडोत, एन्सिओची नजर जाळीपुढच्या त्या मुलावरून हलायची नाही.

"कोण जिंकलं रे?" मी कॉफी ओतताना मुद्दाम विचारायची.

"मला काय विचारतेस राउनी? फळ्यावर लिहिलंय ना."

हॉलचं कॅन्टीन मी चालवायची. माझ्या हातची कॉफी आणि दालचिनीचे पाव खाल्ल्याशिवाय या गावातलं कुठलंच पोर बर्फावर उतरलेलं नाही, त्यामुळे कोण कसं खेळतं यापेक्षा कोणाच्या घरात काय चाललंय ते मला जास्त कळायचं. एन्सिओला मी लहानपणापासून ओळखत होते. कागदाच्या गिरणीत तो इलेक्ट्रिशियन होता आणि तरुणपणी गिरणीच्या संघात गोलकीपर. त्या काळात तोंडावर जाळी नसायची. म्हणून त्याचं नाक दोनदा मोडलं होतं आणि ते दोन्ही वेळा वेगवेगळ्या दिशेला बसलं होतं. गिरणीतून निवृत्त झाल्यावर जिल्ह्याच्या हॉकीवाल्यांनी त्याला एक काम दिलं: गावोगावच्या बारा ते पंधरा वर्षांच्या गोलकीपरांचं खेळणं बघायचं आणि कोण कसं खेळतं, पुढच्या शिबिरात कोणाला न्यायचं, ते सांगायचं.

हे काम त्याच्यासाठीच जन्माला आलं होतं. किती गोल झाले हे तो कधी मोजायचा नाही. सामना संपला की आईबाप त्याच्याभोवती जमायचे आणि तो सगळ्यांच्या डोक्यावरून कुठंतरी बघत बोलायचा. "हिचे पाय उत्तम आहेत, पण पायांना परवानगी द्यायला ती उशीर लावते." किंवा, "हा पोरगा चकतीला घाबरत नाही, बापाला घाबरतो. बापाला जरा मागच्या बाकावर बसवा." बाप लाल व्हायचा, बाकीचे हसायचे, आणि पुढच्या सामन्याला बाप खरंच मागच्या बाकावर बसलेला असायचा. एन्सिओनं सांगितलं म्हणजे संपलं. गावात पाद्र्याच्या शब्दाला नसेल एवढी किंमत त्याच्या शब्दाला होती, आणि खोटं कशाला बोलू, त्यालाही ते ठाऊक होतं.

केर्तू सार्केला नवव्या वर्षी गोलमध्ये उभी राहिली ती गोलकीपरला कांजिण्या झाल्या म्हणून. बाकी सगळ्या मुलांनी नाही म्हटलं, ही म्हणाली, "मी राहते." मुलांच्या संघात ती एकटीच मुलगी. तिची आई मार्युत वृद्धाश्रमात कामाला होती, बाप आर्तो ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. पोर बोलायला कमी आणि खायला जास्त. पहिली तीन वर्षं तिच्यात एन्सिओला विशेष काही दिसलं नव्हतं.

मग ती बारा वर्षांची झाली त्या शरदात एक दिवस एन्सिओ कॅन्टीनमध्ये आला तो डोळे चमकवतच.

"राउनी, या सार्केलाच्या पोरीला कुणी शिकवलं?"

"काय?"

"मान वळवायला!"

गोलकीपरच्या डाव्या हातात झेलायचा मोठा मोजा असतो आणि उजव्या हातात काठी, त्या हातावर ढालीसारखी चपटी फळी. झेलाच्या बाजूला सगळीच पोरं हौसेनं बघतात, कारण झेल घेतला की टाळ्या पडतात. ढालीच्या बाजूला मात्र आळस. चकती येते, हात पुढे होतो, तोंड भलतीकडेच. एन्सिओचा अर्धा जन्म "तोंड वळव, तोंड वळव" ओरडण्यात गेला होता. आणि ही केर्तू, चकती उजवीकडे जाऊ लागली की हनुवटी थेट उजव्या खांद्यावर टेकवायची. सगळा चेहरा तिकडे. शिवाय ती जाळी सोडून पुढे यायला लागली होती. मारणाऱ्याला जाऊन भिडायची.

"तूच शिकवलं असशील," मी म्हटलं.

"मी सगळ्यांनाच शिकवतोय. कोण शिकलंय? हे शिकवून येत नाही, राउनी. ही शैली आहे. आतून येते."

त्यानंतर तो बाकीच्या पोरांना काचेपाशी उभं करून दाखवायचा, "केर्तूची हनुवटी बघा!" पोरांनी तिला घुबड म्हणायला सुरुवात केली. तिला ते आवडलं. तिनं हेल्मेटवर घुबडाचं चित्र चिकटवलं आणि त्याच्याकडे बोट दाखवत हिंडली.

शनिवारच्या सामन्यांना सॉसेज भाजायची पाळी आयांवर असते. त्या दिवशी मार्युत होती. एन्सिओ मोहरीची बाटली पिळत उभा होता.

"एन्सिओ, एक विचारू?" ती म्हणाली. "केर्तू जेवतानाही तशीच मान धरते. काल दूध ओतलं ते पेल्याच्या शेजारी."

"आमची कारिना लग्न झाल्यापासून कॉफी बशीत ओततेय. तिला कुठल्या डॉक्टरकडे नेऊ?"

सगळे हसले. मार्युतही हसली, पण चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली. "नाही, पण खरंच…"

"हे बघ मार्युत, गोलकीपर घरीही गोलकीपरच असतो. अंगात मुरतंय ते तिच्या. त्या मानेला हात लावू नका. सरळ बस, मान नीट धर, असलं काही बोलूच नका. एकदा पोर मानेचा विचार करायला लागली की बिघडली." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "एप्रिलच्या शिबिराला मी तिला नेणार आहे. अशी पोर या जिल्ह्यातून आजवर गेलेली नाही."

मार्युतचा चेहरा उजळला. कोणत्या आईचा उजळणार नाही?

दुसऱ्यांदा तिनं विचारलं ते फेब्रुवारीत, स्कीच्या सुट्टीच्या आधी. या वेळी हसू नव्हतं. केर्तूच्या उजव्या खांद्यावर निळे डाग होते. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराच्या चौकटीला ती सारखी आपटत होती, आणि आपटायची ती नेमकी उजवीच बाजू.

"डोळे दाखवून आणू का, एन्सिओ? शाळेत पाचवीला तपासले होते तेव्हा ठीक होते. आता पुढची तपासणी एकदम आठवीत."

एन्सिओ पेल्यात चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "शिबिर होऊ दे. आत्ता चष्मा लागला तर तोंडावरच्या जाळीच्या आत चष्मा घालून पोर बिचकेल, आणि सगळी मेहनत पाण्यात. दोन महिन्यांत काय आभाळ कोसळतंय?"

मार्युतनं घरी जाऊन आर्तोला हेच सांगितलं. आर्तो म्हणाला, "एन्सिओ म्हणतोय ना? मग झालं."

शिबिर कुओपिओला होतं. तिथं मी नव्हते, पण तिथलं सगळं एन्सिओनं मला नंतर सांगितलं, आणि स्वतःला वाचवायला एक शब्दही कमी करून सांगितलं नसावं असं मला वाटतं. पहिल्या दिवशी केर्तू सुंदर खेळली. काचेमागे बसलेले बाकीचे पारखी माना डोलावत होते आणि एन्सिओ नवरदेवाच्या बापासारखा मिरवत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी हेता नावाची तरुण बाई बसली. ती स्वतः बरीच वर्षं गोलमध्ये उभी राहिलेली. बराच वेळ बघून ती म्हणाली, "एन्सिओ, ही मान कधी वळवते ते पाहिलंस का?"

"चकती उजवीकडे गेली की."

"नाही. त्याच्या आधी. समोरच्याची काठी हलायच्याही आधी. ती चकतीच्या मागे जात नाहीये. ती चकती शोधतेय."

"तुला शैली कळत नाही," एन्सिओ म्हणाला.

"शैली असेल तर डावीकडेही दिसेल ना? डावीकडे का नाही वळवत?"

एन्सिओ उठला तो रागानं. तिच्यावरच्या रागानं, असं त्याला तेव्हा वाटलं. पाणी प्यायला खेळ थांबला होता. केर्तू हेल्मेट काढून गोलच्या आडव्या दांडीवर कोपर टेकून उभी होती. एन्सिओ तिच्या उजव्या बाजूला गेला आणि काही न बोलता तिची पाण्याची बाटली तिच्या पुढ्यात धरली. केर्तू समोर बघत राहिली. त्यानं बाटली हलवली. आणखी जवळ नेली, पार गालापाशी. मग तिनं मान वळवली आणि दचकली. "अगंबाई! केव्हा आलास?"

"केर्तू, डावा डोळा झाक."

"का?"

"झाक तर खरी."

तिनं मोजा काढून तळवा डोळ्यावर ठेवला.

"ही बोटं किती आहेत?"

केर्तूनं डोळा बारीक केला.

"बोट दिसतंय का एखादं?"

"धुकं आहे, एन्सिओ. तळ्यावर सकाळी असतं तसं."

"केव्हापासून?"

"काय माहीत. आधी नुसतं कडेला होतं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"आईला सांगणार होते. पण तू तिला सांगत होतास ना, मानेचा विचार करायचा नाही, ते मी ऐकलं होतं." तळवा खाली घेऊन ती त्याच्याकडे बघत होती, त्या एका डाव्या डोळ्यानं. "म्हणून मी नाही केला."

त्याच दिवशी तिला तिथल्या मोठ्या इस्पितळात नेलं. एन्सिओनंच नेलं, आणि फोन करून मार्युतला सांगितलंही त्यानंच. डोळ्याच्या आतला पडदा मागून सुटत चालला होता, हळूहळू, दुखत नाही की खुपत नाही असा. ऑपरेशन झालं. डोळा जागेवर राहिला, दृष्टी आली नाही. दुसऱ्या डोळ्याला धोका नव्हता, तेवढंच. हिवाळा लागताना आली असती तर काहीतरी हाती राहिलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. पण ते दुसरं वाक्य कोण ऐकतं?

एन्सिओ बाहेरच्या बाकावर केर्तूची खेळाची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. आर्तो आला, म्हणाला, "दे इकडे," आणि पिशवी घेऊन गेला. त्यानंतर आर्तो एन्सिओशी बोललेला नाही.

गावात कोणी एन्सिओला तोंडावर काही बोललं नाही. आमच्या सावो भागातली माणसं तशी बोलतच नाहीत. उलट त्याचं समाधान करायलाच लोक धडपडले, आणि ते जास्त वाईट झालं. गिरणीतला एक जुना सोबती माझ्या काउंटरशी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे, आपल्याकडे म्हणतातच ना, सावोचा माणूस बोलला की जबाबदारी ऐकणाऱ्याची!" आम्ही सगळे ही थट्टा जन्मभर करत आलो होतो. एन्सिओनं भरलेला पेला तसाच खाली ठेवला आणि टोपी घेऊन निघून गेला.

त्यानं जिल्ह्याचं काम सोडलं. हॉलवर येणं सोडलं. कारिना मला दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, "अंगणात उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून फिरतो. काल जिन्यावरून पडला. मी म्हटलं, अरे म्हाताऱ्या, तू आंधळा झालास म्हणून पोरीला दिसायला लागणार आहे का? तर म्हणतो, मला बघायचंय मी काय बघितलं नाही ते." तिनं बटाट्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जेवत नाही नीट. मी हेरिंग मासे तळले, तेही तसेच ठेवले."

मग उन्हाळ्यात त्यानं ते लाकडांचं काढलं. सार्केला नवराबायको कामावर गेले की हा ट्रेलर जोडून जायचा आणि त्यांच्या शेडपाशी फोडलेली बर्चची लाकडं रचून यायचा. न विचारता. एक दिवस मार्युत लवकर घरी आली आणि हा ओणवा होऊन लाकडं रचताना सापडला. पुढचं मार्युतनं मला सांगितलं.

"हे काय चाललंय?"

"बर्च आहे," तो म्हणाला. "कोरडा आहे."

"ते दिसतंय मला. मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं."

एन्सिओनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "मार्युत, मी…"

"तू बोलू नकोस. तू बोललास की मी ऐकते, तीच माझी खोड आहे." ती पायरीवर बसली. आश्रमातला निळा अंगरखा अजून अंगावर होता. "आश्रमातली कुठलीही म्हातारी मान तिरकी करून बघायला लागली, तर मी त्याच दिवशी डॉक्टरला कळवते. त्याच दिवशी, एन्सिओ. परक्या म्हाताऱ्यांचं कळवते. आणि माझ्या पोरीचं मी तुला विचारलं, सॉसेज भाजता भाजता. का, माहितेय? तू तिच्याबद्दल इतकं छान बोलायचास. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. डॉक्टर काय असलं बोलणार होता?"

एन्सिओ उभाच होता. त्याला तिथून जाता आलं असतं. मार्युत स्वतःलाच दोष देत होती, त्याचं ओझं तेवढं हलकं होत होतं. पण तो म्हणाला, "तू दुसऱ्यांदा विचारलंस ना, फेब्रुवारीत, तेव्हा मला शंका आली होती."

"काय?"

"एकाच खांद्यावर डाग, म्हणालीस तू. मला कळायला हवं होतं असं नाही. मला थोडं कळलं होतं. पण मला तिला शिबिरात दाखवायचं होतं. लोकांनी म्हणायला हवं होतं, एन्सिओनं शोधली."

मार्युत पायरीवरून उठली. मग म्हणाली, "हे मला सांगायलाच हवं होतं का?"

"नाही. पण तू त्यातलं अर्धं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसली होतीस. ते तुझं नाहीये."

"लाकडं घेऊन जा," ती म्हणाली आणि आत गेली.

तो ती घेऊन गेला. आठवडाभर रचलेली सगळी लाकडं ट्रेलरवर परत चढवण्यात त्याची दुपार गेली. गुडघे आधीच गेलेले. मार्युत खिडकीतून बघत होती. मदतीला गेली नाही, पडदाही ओढला नाही. तिनं ते मला सांगितलं तेव्हा म्हणाली, "राउनी, मला वाटलं होतं मला बरं वाटेल."

घरी कारिनानं ट्रेलर पाहिला. "परत आणलीस?"

"आणली."

"बरं. मग आता आपल्याच शेडमध्ये रच. हिवाळा आपल्यालाही असतो."

ऑगस्टच्या शेवटी हॉलमध्ये पुन्हा बर्फ घातला. माझ्या कॉफीच्या यंत्राची वायर जळली होती, आणि मी मुद्दामच दुसऱ्या कोणाला न बोलावता एन्सिओला निरोप धाडला. तो आला, काउंटरमागे जमिनीवर बसून यंत्र उघडून बसला. तेवढ्यात केर्तू आली. उंच झाली होती. उजवा डोळा जरा बाहेरच्या बाजूला कललेला, बाकी काही कळत नव्हतं. आमच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात, पण त्या दिवशीचं तिचं अरेतुरे वेगळं होतं.

"तू मला टाळतोयस."

एन्सिओ स्क्रूड्रायव्हर हातात धरून वर बघू लागला. "हो."

"परवा बाजारात मला बघून रस्ता ओलांडलास. मी काय भुंकते का?"

"नाही."

"मग मला एक सांग. आणि खरं सांग. मी चांगली होते, की नुसतीच आंधळी होते?"

मी पाव ट्रेमध्ये लावत होते. माझा हात थांबला. हा प्रश्न त्या पोरीनं सगळा उन्हाळा कुठं ठेवला होता कोण जाणे. गोलमध्ये परत उभं राहायला घरच्यांनी साफ नाही म्हटलं होतं. उरलेल्या डोळ्याला काही झालं तर? तिनंही हट्ट केला नव्हता. सगळ्यांना वाटलं, पोरगी विसरली.

"केर्तू, तू फार…" एन्सिओनं सुरुवात केली.

"गोड नको. गोड बोलायला आई आहे. बाबा तर बोलतच नाही. तुला जे येतं ते सांग."

एन्सिओ काउंटरला धरून कसाबसा उठला. तोंडावरून हात फिरवला. मग तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागला, पूर्वी सामना संपल्यावर बघायचा तसा, आणि अर्ध्यातच थांबून त्यानं नजर खाली आणली. तिच्याकडेच बघत बोलला.

"मान डोळ्यामुळे होती. तुझी नव्हती ती."

केर्तूनं मान डोलावली.

"पुढे येऊन खेळायचीस, तेही डोळ्यामुळेच. तुला अंतर कळत नव्हतं. म्हणून चकतीला जाऊन भिडायचीस. मी त्याला धीटपणा म्हणत होतो."

आता तिचा चेहरा पडला. घुबड तर गेलंच होतं, आता धीटपणाही गेला. मला वाटलं, पुरे कर रे बाबा. पण तो थांबला नाही.

"पाय तुझे होते. अर्धं मैदान दिसत नसताना तुझे पाय कधी उशिरा हलले नाहीत. म्हणजे तू मारणाऱ्याचे खांदे वाचत होतीस. त्या वयात ते कोणी वाचत नाही. ते मी पाहिलंच नाही, कारण मी तुझी मान बघत बसलो होतो." तो थांबला. "काठी वाईट. काठी फारच वाईट."

केर्तू फसकन हसली. "ते मला माहितेय."

"मग झालं."

"म्हणजे चांगली होते?"

"चांगली होतीस. किती, ते मला माहीत नाही. त्यासाठी दोन डोळ्यांची केर्तू बघायला हवी होती. ती तुला मिळाली असती की नाही तेही कुणाला माहीत नाही. पण मिळायची शक्यता होती, आणि मी तुझ्या आईला थांब म्हणालो."

क्षमा कर वगैरे त्याच्या तोंडून आलं नाही. आमच्याकडे तो शब्द जडच आहे, आणि त्या पोरीवर तो टाकणं त्याला बरं वाटलं नसावं. मी दालचिनीचा पाव पुढे केला. केर्तूनं तो उभ्या उभ्या खाल्ला, बोटं चाटली, रडली की नाही मला सांगता येणार नाही, कारण मी यंत्राकडे बघत होते.

"यापुढे रस्ता ओलांडू नकोस," जाताना ती म्हणाली. "मला उजवीकडचं दिसत नाही. तिकडून गेलास तर मला कळणारही नाही."

त्या शरदात एन्सिओ क्लबच्या बैठकीला गेला आणि चौकातल्या चष्मेवाल्या बाईला दरवर्षी हंगामाच्या आधी हॉलवर बोलवायचं, एकाही पोराचे डोळे तपासल्याशिवाय त्याला बर्फावर सोडायचं नाही, असं मंजूर करून घेतलं. भाषण केलं नाही. त्याला कुणी विरोधही केला नाही. दोन हिवाळ्यांनंतर हेतानं फोन करून त्याला जिल्ह्याच्या कामावर परत बोलावलं. तो म्हणाला, येतो, पण माझं बोलणं जिला पटत नाही अशी कुणीतरी शेजारी बसवा. हेता म्हणाली, मग मीच बसते. दोघं काचेमागे बसून तासन्‌तास भांडतात असं ऐकते. आता कुठल्याही पोराच्या एखाद्या लकबीचं कौतुक करायची वेळ आली की एन्सिओ अडखळतो. वाक्य अर्ध्यावर सोडतो. पूर्वीची ती फटाफट निदानं गेली, आणि खरं सांगायचं तर त्यानं पोरांचं काही नुकसान झालेलं नाही, पण आईबाप जरा हिरमुसतात.

केर्तू योएन्सूला जंगलाचं शिक्षण घ्यायला गेली. गाडी चालवते, जंगलात एकटी फिरते. उजवीकडून कोणी आलं तर अजून दचकते. जूनमधल्या मिडसमरच्या सणाला घरी आली की कॅन्टीनमध्ये डोकावते आणि एन्सिओ असेल तर त्याच्या समोर बसते, तो आपल्या डावीकडे येईल अशी खुर्ची सरकवून. काय बोलतात कुणास ठाऊक. बहुतेक माशांबद्दल. मार्युतचा धाकटा ओइवा आता हॉकी खेळतो, गोलमध्ये नाही, त्यामुळे मार्युत पुन्हा सॉसेजच्या पाळीला येते. एन्सिओला कॉफी देते, मोहरी देते, हवापाण्याचं बोलते. पोरांविषयी मात्र त्याला काही विचारत नाही.

आणि आर्तो. आर्तोचा ट्रक पेट्रोल पंपावर उभा असला की एन्सिओ त्याला हात वर करून नमस्कार करतो. प्रत्येक वेळी. आर्तो टायर बघतो, नाहीतर आकाश बघतो. गेल्या वसंतात मी तिथंच होते. ट्रक निघून गेल्यावर मी म्हटलं, "अजून किती वर्षं करणार आहेस हे?"

"त्यानं थांब म्हटलं की थांबेन."

"तो तुझ्याशी बोलतच नाही, थांब कुठून म्हणणार?"

एन्सिओनं टोपी कानांवर खाली ओढली.

"म्हणून तर," तो म्हणाला आणि गाडीत पेट्रोल भरायला लागला.